दातांची कीड : ठणका लागण्यापूर्वीची वाटचाल

‘दाताला कीड लागली’ असे आपण सहज म्हणतो. दात एखादी अळी पोखरते, ही समजूत जगातील अनेक समाजांत हजारो वर्षे रूढ होती. फ्रेंच दंतवैद्य पिअर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती नाकारली. पुढे १८९० च्या सुमारास बर्लिन येथे संशोधन करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी खरे कारण मांडले. तोंडातील सूक्ष्म जंतू साखर व पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात विरघळू लागतो.

आम्ल आणि लाळ

दाताचे बाहेरील आवरण, म्हणजे दंतवल्क, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. तथापि गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरील चिकट थरात आम्ल निर्माण होते व दंतवल्कातील चुना आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतात. त्यानंतर अर्ध्या-एक तासात लाळ हे आम्ल निवविते आणि गेलेली खनिजे काही अंशी परत करते. अशी ही झीज व भरपाई दररोज चालू असते.

म्हणूनच गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून कितीदा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे. जेवणानंतर एकदाच खाल्लेल्या लाडवापेक्षा दिवसभर थोडेथोडे चघळलेले खाजे दातांस अधिक घातक ठरते. साखरेचा चहा व बिस्किटे दिवसातून सहा वेळा घेतल्यास दात तीन ते सहा तास आम्लात राहतात. झोपेत लाळ कमी सुटते. त्यामुळे रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बालकाचे दात लवकर किडतात.

किडीच्या पायऱ्या

भरपाईपेक्षा झीज वाढली की प्रथम दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. तो मुळीच दुखत नाही, कारण दंतवल्कात मज्जातंतू नसतात. या अवस्थेत पृष्ठभाग शाबूत असल्याने कीड थोपविता येते, कित्येकदा मागेही फिरविता येते.

दुर्लक्ष झाल्यास काही महिन्यांत वा वर्षांत पृष्ठभाग खचून खड्डा पडतो. दंतवल्काखालील दंतिन मऊ असल्याने तेथे कीड झपाट्याने पसरते आणि थंड वा गोड पदार्थाने दात शिवशिवतो. गेलेला भाग पुन्हा उगवत नाही. खड्डा भरून घ्यावा लागतो. शेवटी जंतू दाताच्या गाभ्यातील नसांपर्यंत पोहोचतात. रात्री ठणका लागतो, मुळाशी पू होतो, गाल सुजतो. पुढे ठणका आपोआप थांबला तरी रोग गेला असे समजू नये. बहुधा दातातील नसच मृत झालेली असते.

पालक व शिक्षक यांचे कार्य

दुधाचे दात पडणारच, म्हणून त्यांची हेळसांड करणे योग्य नव्हे. त्यांचे दंतवल्क पातळ असल्याने ते लवकर पोखरले जातात. शिवाय साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणत्याही दाताच्या जागी येत नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात व ती हकनाक गमावली जाते. पहिलीच्या वर्गशिक्षकांनी ही गोष्ट पालकांच्या निदर्शनास आणावी.

फ्लुओराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशी पेस्ट, तसेच दात न कोरता कीड थोपविणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड, यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे.

गोव्यात बांबोळी येथे गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय १९८० पासून कार्य करीत आहे. दात ठणकू लागल्यावर तेथे जाणाऱ्यास दात काढण्याची पाळी येऊ शकते. पांढरा डाग दिसताच जाणाऱ्याचा दात बहुधा वाचतो.