ओरडत नाही, तरी माल लपवतात

प्रश्न : वसई पूर्वेला, वालीवमध्ये माझं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे. मी कामगारांवर कधीच ओरडत नाही. तरी ते खराब माल लपवतात आणि मला ते थेट गिऱ्हाइकाकडून कळतं. असं का?

उत्तर : तुम्ही ओरडत नसाल, पण तुमचा चेहरा? कुणी वाकडा तुकडा हातात ठेवला की कपाळाला आठी पडते का? लोकल चुकून दहा मिनिटं उशिरा आलेल्याकडे बघून तुम्ही न बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकता का? मालकाची ही मुकी भाषा कामगार आधी शिकतात.

अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. कारण तिथे चूक सांगायची भीती कमी होती.

उद्यापासून खराब तुकडा आला की आधी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा, मग दोघं मिळून डाय तपासा. स्वतःची चूकही सगळ्यांसमोर कबूल करा. सुरुवातीला तक्रारी वाढतील. घाबरू नका, त्या आधीही होत्या, फक्त तुमच्यापर्यंत पोहोचत नव्हत्या.