झरा नसलेले झऱ्याचे गाव

ऑस्ट्रेलियाचा नकाशा उघडा आणि खंडाच्या साधारण मधोमध बोट ठेवा. बोटाजवळच तुम्हाला अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे गाव सापडेल. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, भोवती तांबड्या मातीचे वाळवंट, आणि गावाला खेटून टॉड नदी. मॅक्डोनेल डोंगररांगेतून निघालेली ही नदी गावाच्या दक्षिणेस हेविट्री नावाच्या खिंडीतून बाहेर पडते व पुढे सिम्पसन वाळवंटात जिरून जाते.

वर्षातील बहुतेक दिवस या नदीत पाणी नसते. १९६२ पासून येथे नावांची एक गमतीची शर्यत होते. नावांना तळ नसतो; वल्हवणारे आत उभे राहून त्या उचलतात आणि कोरड्या पात्रातून पळत सुटतात. १९९३ साली ही शर्यत रद्द झाली, कारण नदीला पाणी आले होते! पाणी येते तेव्हा मात्र थट्टा नसते. १९८८ च्या पुरात तिघांचा बळी गेला.

मग एरवी पाणी असते कोठे? वाळूत. येथे वर्षाला सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर उघड्या भांड्यातून वर्षभरात सुमारे ३ मीटर पाणी उडून जाईल इतके ऊन असते. तरीही वाळूतले पाणी टिकते, आणि त्याचे कारण तुम्ही घरी पाहू शकता. काचेच्या दोन सारख्या नळ्या घ्या. त्यांच्या खालच्या तोंडाला फडके बांधा. एकीत जाड, कोरडी वाळू भरा, दुसरीत चाळलेली बारीक माती. दोन्ही नळ्या पाण्याच्या ताटलीत उभ्या करून एक दिवस थांबा. मातीत पाणी बरेच वर चढलेले दिसेल, वाळूत ते थोड्याच सेंटिमीटरवर थांबेल. कणांमधल्या फटी जितक्या रुंद, तितके केशाकर्षणाने पाणी कमी चढते. त्यामुळे नदीच्या वाळूचा वरचा थर एकदा वाळला की खालचे पाणी पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. कोरडी वाळूच त्याचे झाकण बनते.

तेथील मूळचे अरंडा लोक हे हजारो वर्षांपासून जाणून होते. वाळूत झिरा खणून ते पाणी काढीत.

१८७१ साली तारयंत्राच्या मार्गाची पाहणी करणाऱ्या तुकडीला येथे पाण्याचा एक डोह दिसला. तिने त्याला झरा समजून ‘अ‍ॅलिसचा झरा’ असे नाव दिले. अ‍ॅलिस ही दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तारप्रमुख चार्ल्स टॉड यांची पत्नी. वास्तविक तेथे झरा नव्हताच. नदीच्या तळाशी असलेल्या ग्रॅनाइटमुळे पाणी खाली मुरत नव्हते, इतकेच.

पण तारेला पाण्याशी काय कर्तव्य? डार्विन ते पोर्ट ऑगस्टा ही तार सुमारे ३,२०० किलोमीटर लांब होती. तारेचा रोध आणि खांबाखांबावर होणारी विजेची गळती यांमुळे संदेश वाटेतच क्षीण होई. म्हणून दर दोन-तीनशे किलोमीटरवर ठाणे लागे. तेथील तारमास्तर ‘कट्ट-कडकट्ट’ ऐकून तोच संदेश पुढच्या तारेवर नव्याने पाठवी. त्याला प्यायला पाणी हवे, जनावरांना हवे, आणि विद्युत्‌घटांनाही हवे. ऑगस्ट १८७२ मध्ये तार जोडली गेली. पुढे समुद्री तारांनी जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई, एडन असा प्रवास करीत ऑस्ट्रेलियाची बातमी काही तासांत लंडनला पोचू लागली. एरवी जहाजाने पत्राला महिने लागत.

ठाण्याजवळच्या गावाचे नाव स्टुअर्ट होते. १९३३ मध्ये तेही अ‍ॅलिस स्प्रिंग्ज झाले. तारेचे काम १९३२ मध्ये तेथून हलले होते. त्यानंतर १९४२ पर्यंत त्याच इमारतींत सरकारने मूलनिवासी मुलांना ठेवले. त्यांतील अनेकांना आईबापांपासून तोडून आणले होते. अरंडांच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या ठाण्याचा हा इतिहास नकाशावर दिसत नाही.

नदीच्या वाळूतले पाणी वाढत्या गावाला पुरेना, तेव्हा १९६० च्या दशकात गावाबाहेर खोल विंधनविहिरी घेण्यात आल्या. वालुकाश्माच्या थरातले हे पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचे आहे. आजचा पाऊस त्यात नगण्य भर घालतो, म्हणून पाण्याची पातळी उतरत चालली आहे आणि पंपांना ते अधिकाधिक खोलातून उचलावे लागते.