तलंग अंड्यावर केव्हा येते?



उसाचा पैसा हप्त्याहप्त्याने येतो. अंड्याचा पैसा मात्र रोजच्या मीठ-मिरचीला उपयोगी पडतो आणि तो बहुधा घरच्या लक्ष्मीच्या हातात राहतो. भोसरी १९७० साली नवनगरपालिकेत गेली, सभोवती कारखानदारी वाढली, शेते आखडली. तरी जुन्या घरांच्या परसात पाच-दहा कोंबड्या अजून दिसतात. त्यांच्याविषयी एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो, "तलंगा एवढ्या मोठ्या झाल्या, अंडं का देत नाहीत?"

एका सभासदाच्या घरची हकिकत सांगतो. खुडूक कोंबडीखाली जुलैच्या सुरुवातीला गावरान पिल्ले निघाली. डिसेंबर उजाडला, पाच महिने झाले, अंडे नाही. शेजारीण म्हणाली, "वांझ निघाल्या." बाईंनी सहा तलंगा मटणाच्या भावात विकल्या. घेणाऱ्याने त्या कापल्या नाहीत, पाळल्या. संक्रांत झाली आणि त्याच्या घरी अंडी सुरू झाली. पाच महिन्यांचे दाणे बाईंचे आणि अंडी दुसऱ्याची! कोवळा ऊस तोडला तर उतारा पडतो हे आपण जाणतो. तलंगेचेही तसेच आहे.

जातीप्रमाणे वय

उसात सुरू आणि आडसाली एका वेळी पक्व होत नाहीत, तशीच कोंबडीची जात पाहावी. पांढरी लेगहॉर्न व पिंजऱ्यातील संकरित कोंबडी १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते. ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प, ग्रामप्रिया यांना साधारण २२ ते २४ आठवडे लागतात. वनराजा आणि गिरिराज यांना सुमारे २४ ते २६. आपली गावरान २६ ते ३० आठवडे, म्हणजे सहा-सात महिने घेते. म्हणून पिल्लू निघाल्याची किंवा आणल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. विकत आणताना विक्रेता सांगेल त्या वयावर विसंबू नका. खडकीला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तेथे जातीची आणि पिल्लांच्या उपलब्धतेची चौकशी करता येते.

दिवस लहान, अंडे लांब

वय भरले तरी उजेड लागतो. उजेड कोंबडीच्या डोळ्यांवाटे आणि कवटीतूनही मेंदूपर्यंत पोचतो आणि तेथून अंडाशयाला जाग येते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरअखेर जेमतेम अकरा तासांचा. त्यामुळे पावसाळ्यात निघालेली तलंग ऐन थंडीत वयात येते आणि खोळंबते. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, तशी तीही अंड्यावर येते. वरच्या हकिकतीत झाले ते एवढेच.

घाई असेल तर पहाटे खुराड्यात दिवा लावावा. वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड पुरे. आठवड्याला अर्धा तास वाढवत दिवस व दिवा मिळून चौदा तास करावेत आणि मग मध्येच बंद करू नये. मात्र अंगाने न भरलेल्या तलंगेला जादा उजेड देऊ नका. रस्त्याचा प्रखर दिवा थेट खुराड्यात येत असेल तर गोणपाट लावा. अकाली अंड्यावर आलेली तलंग बारीक अंडी देते आणि तिला अंडे अडण्याचाही धोका असतो.

हाताने कशी ओळखाल?

१. तुरा आणि चोचीखालचे लोंबते मांस फिकट असते, ते लालभडक व टवटवीत होते.

२. पाठीवर हात ठेवताच तलंग पंख किंचित पसरून खाली दबते.

३. कोपऱ्यात, टोपलीत, गवतात शिरून जागा शोधू लागते.

४. संध्याकाळी मांडीवर घेऊन शेपटीखालची दोन टोकदार हाडे चाचपा. कोवळ्या तलंगेत त्यांच्यामध्ये जेमतेम एक बोट मावते, अंड्यावर आलेलीत दोन ते तीन. गुदद्वारही मोठे व ओलसर होते.

ही चिन्हे एकत्र दिसली की अंडे सहसा दोन-तीन आठवड्यांच्या आत येते.

खाद्य आणि जागा

नुसत्या ज्वारी-मक्यावर वाढलेली तलंग मागे पडते, कारण तिला प्रथिने कमी पडतात. आठ आठवड्यांपुढे ग्रोअर मॅश द्यावे. मोकळी फिरणारी असेल तर संध्याकाळी मूठभर दाण्याबरोबर थोडी पेंड द्यावी. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड मात्र विषासमान. चिन्हे दिसू लागली की लेयर मॅशवर आणावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम चुना जातो. पण हा जादा चुना फार लवकर दिला तर मूत्रपिंड बिघडते. मानमोडीची लस आणि जंताचे औषध यांचे वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे.

अंड्यासाठी फूटभर लांब-रुंद खोके अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. आत कोरडे, बारीक केलेले पाचट घाला. चार-पाच कोंबड्यांना एक खोके पुरते. पहिली अंडी लहान, कधी मऊ कवचाची निघतील, घाबरू नये. अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, म्हणून अधूनमधून खाडा पडणारच.

विकण्याआधी

सर्व चिन्हे आहेत आणि अंडे नाही, तर ती बाहेर घालत असेल. उसाच्या बांधावर, कडब्यात शोधा. चार-पाच दिवस सकाळी अकरापर्यंत कोंडून ठेवा, कारण बहुतेक अंडी दुपारच्या आत पडतात. गावरान तलंगेला आठ महिने पुरे होईपर्यंत वांझ म्हणू नका.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसं आपण उतावीळ झालो म्हणून अंडं लवकर येत नाही. तलंग विकायला काढण्याआधी सभासदांनी एकदा कॅलेंडरवरची तारीख पाहावी आणि ती दोन हाडे चाचपावीत, ही विनंती.