दाखला आणि हजेरी

प्रश्न : माझी कन्या बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सत्रात आहे. श्रावणात हिवतापामुळे रुग्णालयातील तिच्या बऱ्याच पाळ्या बुडाल्या. वैद्यकीय दाखल्याने हजेरी माफ होईल काय? – एक पालक, चिमूर

उत्तर : दाखल्याने गैरहजेरीची सबब सिद्ध होते, बुडालेली सेवा भरून निघत नाही, हा भेद आपण प्रथम ध्यानी घ्यावा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे परीक्षेस बसण्यासाठी तात्त्विक व प्रात्यक्षिक या दोन्ही अंगांत स्वतंत्रपणे किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हाती पडण्यापूर्वी तर प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागात ती पूर्ण १०० टक्के व्हावीच लागते. नियम कठोर खरा, पण मला तो न्याय्य वाटतो. कारण हुडहुडी भरलेल्या रुग्णाचा ताप दर चार तासांनी तक्त्यावर मांडण्याची आणि सलाईनचे थेंब घड्याळाशी ताडून पाहण्याची सवय वॉर्डात उभे राहिल्यावाचून अंगवळणी पडत नाही.

तेव्हा तिने प्राचार्यांकडे रीतसर अर्ज करून, कोणत्या विभागात किती तास उणे आहेत हे हजेरीपटावरून उतरवून घ्यावे, त्याच विभागात भरपाईच्या पाळ्या मागाव्यात, आणि नोंदवहीवर सही त्या त्या दिवशीच घ्यावी (महिन्यानंतर सहीसाठी होणारी वणवण सांगायलाच नको). घराजवळ म्हणून चिमूरच्या उपजिल्हा रुग्णालयात परस्पर सेवा केल्यास मात्र, महाविद्यालयाची पूर्वसंमती व पर्यवेक्षण नसेल तर, ते तास हिशेबी धरले जाणार नाहीत.