दुकाने दोन, खाते एक

व्यापारी बांधवांनो, आमचे एक कापड दुकान अमरावतीत, दुसरे अकोल्यात. हिशेबही दोन. अमरावतीत उधारी थकवलेले गिऱ्हाईक अकोल्यातून पुन्हा माल उचली आणि आम्हाला महिनाअखेरीस कळे. जुलै २०२१ मध्ये मोर्णेच्या पुरात अकोल्याचा संगणक भिजला. नक्कल नव्हती, उधारी बुडाली.

यावर उपाय म्हणजे ‘क्लाउड डेस्कटॉप’. यात संगणकाचे काम गल्ल्याजवळ नव्हे, तर दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालते. आपल्या पडद्यावर त्याचे फक्त चित्र दिसते; येथे दाबलेली कळ तेथे उमटते. अशी केंद्रे मायक्रोसॉफ्टने पुणे-मुंबईत २०१५ साली, तर अ‍ॅमेझॉनने मुंबईत २०१६ साली सुरू केली.

फायदे असे :

१) दोन्ही दुकानांची नोंद एकाच खात्यात होते.

२) जुना संगणकही चालतो.

३) ईद-दिवाळीच्या हंगामात जादा डेस्कटॉप घेऊन नंतर बंद करता येतो.

४) मुनीम काम सोडून गेला, की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करता येतो.

५) जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. दुकानातला संगणक गेला तरी तो राहतो.

सावधगिरीही हवी. इंटरनेट बंद तर काम बंद. म्हणून दुसऱ्या कंपनीची जोडणी ठेवावी. नक्कल कोण व किती दिवस ठेवणार, हे करारात लिहून घ्यावे. भाडे दरमहा लागते. एकच दुकान, एकच संगणक असेल, तर रोजची नक्कल दुकानाबाहेर ठेवली तरी पुरे.

आमची उधारी गेली. तुमची जाऊ नये.