नकाशामागची माणसं

आजचं वाचन: 1 करिंथ 3:5-9



करिंथच्या मंडळीत काहीजण पौलाचं नाव मिरवत होते, तर काहीजण अपुल्लोसाचं. पौल त्यांना समजावतो की आम्ही नुसते सेवक आहोत. एकाने लावलं, दुसऱ्याने पाणी घातलं, पण वाढ देवानेच दिली.

कामानिमित्त इंग्लंडमध्ये असताना मी नॉर्दम्प्टनजवळच्या मोल्टन गावी गेलो, तेव्हा हे वचन मला नव्याने कळलं. 1785 मध्ये विल्यम केरी इथे आला. तो गावात शाळा चालवायचा, जोडे शिवायचा आणि पुढे इथल्या छोट्या बाप्टिस्ट मंडळीचा पाळकही झाला. कागदाला कागद चिकटवून त्याने जगाचा मोठा नकाशा बनवला आणि भिंतीवर लावला. आज चर्चशेजारी त्याचं घर जपलेलं आहे आणि त्याची गोष्ट तिथे मांडलेली आहे.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी नाही. 1805 मध्ये केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं आणि 1811 मध्ये मराठी नवा करार आला. पण हे एकट्याचं काम होतं का? मराठीसाठी त्याला फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैजनाथ पंडितांची मदत होती. आणि त्याची पत्नी डोरोथी? लग्नाच्या नोंदीत तिने सहीऐवजी फुली केली होती. भारतात यायला ती आधी तयार नव्हती. आल्यावर 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचं मन कायमचं बिघडलं आणि 1807 मध्ये ती वारली. म्हणजे आपलं व्याकरण तयार होत होतं, तेव्हा त्याच घरात ती आजारी होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रिलीज झालं की मेलमध्ये चार नावं येतात. रात्रभर टेस्टिंग करणाऱ्याचं नाव त्यात असेलच असं नाही, आणि त्याच्यासाठी घरी जागणाऱ्यांचं तर नसतंच. देवाच्या शेतातलं काम मात्र असं मोजलं जात नाही. आठव्या वचनात पौल म्हणतो की प्रत्येकाला आपापल्या श्रमाप्रमाणे मजुरी मिळेल. डोरोथीचं दुःख देवाने हिशेबाबाहेर ठेवलं असेल, असं मला वाटत नाही.

विचार करा: तुमच्या सेवेची किंमत घरातलं कोण मोजतंय? आज त्या व्यक्तीजवळ बसा आणि तिचं ऐकून घ्या.

प्रार्थना: हे प्रभू, ज्यांची नावं आम्ही विसरलो त्यांना तू विसरत नाहीस, म्हणून तुझे आभार. सेवेच्या नादात आमच्या माणसांकडे आमचं दुर्लक्ष होऊ देऊ नकोस. आमेन.