तिसाव्या वर्षी सुरुवात

कुस्ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यात पकड असते, डाव असतात. मुष्टियुद्धात पकड नाही. हातांत जाड मोजे घालायचे आणि मुठींनी ठोसे मारायचे. एक फेरी तीन मिनिटांची. मग एक मिनिट विसावा. पडलेला गडी दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही, तर तो हरला. सर्वांत जड गड्यांच्या गटाला हेवीवेट म्हणतात.

अमेरिकेतील रॉन लाइल हा असाच एक हेवीवेट गडी. जन्म १९४१ सालचा. घरात एकोणीस भावंडे. वडील धर्मोपदेशक. पण पोरगा वाईट संगतीला लागला. टोळ्यांच्या भांडणात एक तरुण गोळी लागून मेला. त्या खुनाबद्दल लाइलला शिक्षा झाली. साडेसात वर्षे तो तुरुंगात होता.

तिथेही भांडणे होतीच. एका कैद्याने त्याला भोसकले. डॉक्टरांनी कित्येक तास खटपट करून त्याचा जीव वाचवला. तुरुंगातील खेळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला मुष्टियुद्धाकडे वळवले. तो पहिलीच लढत हरला. पण गड्याने नाद सोडला नाही.

१९६९ च्या नोव्हेंबरात तो सुटला. पुढच्याच वर्षी हौशी गड्यांत तो अमेरिकेत पहिला आला. १९७१ च्या एप्रिलात तो पैसे घेऊन लढू लागला. तेव्हा त्याचे वय तीस होते.

तीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे. पण या धंद्यात उशीरच. महंमद अली लाइलहून एकच वर्षाने लहान. तो अठराव्या वर्षीच धंद्यात आला होता. शिवाय हौशी लढत तीन फेऱ्यांची, तर धंद्यातली मोठी लढत त्या काळी पंधरा फेऱ्यांची. तीन कोस चालणाऱ्याला एकदम पंधरा कोस चालायला सांगावे, तसे ते होते. दमाचा हिशेब शिकायला वर्षे लागतात. लाइलजवळ वर्षेच नव्हती.

तरी पहिल्या सगळ्या लढती तो जिंकत गेला. १९७३ मध्ये जेरी क्वारीने त्याला प्रथम हरवले. १९७५ च्या मे महिन्यात अलीशी गाठ पडली. अली तेव्हा जगज्जेता होता. दहा फेऱ्यांनंतर गुणांत लाइल पुढे होता! अकराव्या फेरीत अलीचा उजवा ठोसा बसला. लाइल डगमगला. मग अलीने ठोशांचा पाऊसच पाडला आणि पंचाने लढत थांबवली. लाइल अजून उभा होता. त्याच्या माणसांना पंचाचा फार राग आला.

१९७६ च्या जानेवारीत जॉर्ज फोरमनशी लढत झाली. चौथ्या फेरीत फोरमन दोनदा पडला आणि लाइल एकदा. पाचव्या फेरीत लाइल पडला, तो मोजणी संपेपर्यंत उठला नाही. हरला खरा, पण मुष्टियुद्धाचे जाणकार आजही त्या लढतीचे नाव काढतात.

जगज्जेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. नावलौकिकाने खुनाचा डाग धुतला गेला, असेही मी म्हणणार नाही. मेलेला तरुण काही परत आला नाही.

१९९५ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, लाइल पुन्हा मैदानात उतरला आणि चार लढती जिंकला. पुढे डेन्व्हर शहरातील एका व्यायामशाळेत तो पोरांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. २०११ मध्ये त्याच शहरात तो वारला.